चक्का जाम कोणी केला

मामा,

तुझ्या दहाव्याला एका पाहुण्याने तुझं ग्रीस खाल्लं. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तू हसशीलच असं नाही.

वांगणीकडचा तुझा तो साडू, ज्याला बारा महिने खोकला असतो. जेवणं झाली, तो पडवीत टेकला आणि त्याला फळीवर च्यवनप्राशचा डबा दिसला. त्या डब्यात तू वीस वर्षं ग्रीस ठेवत आलास हे घरातल्या सगळ्यांना माहीत, त्याला कुठून असणार? त्याने झाकण काढलं आणि बोटभर घेतलं. मामी "अवो, अवो" करत उठेपर्यंत बोट तोंडात गेलं होतं. माणूस भिडस्त. दुखवट्याच्या घरात थुंकायचं कसं, म्हणून त्याने ते गिळलं, वर दोन घोट पाणी प्यायला आणि म्हणाला, "जुना दिसतोय." मामीने पदराचा बोळा तोंडात कोंबला. दहा दिवसांत ती पहिल्यांदा हसत होती. पण ती पाठमोरी होती, बायकांना वाटलं हुंदका आला, आणि सगळ्या पुन्हा रडायला लागल्या. मग मीही रडले.

साडूला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी निरोप आला की खोकला जरा कमी आहे.

तू कसा गेलास ते मी लिहिणार नाही. मामी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला रोज सांगते, आणि दर खेपेला त्यातली दवाखान्यात न्यायची रिक्षा थोडी आणखी उशिरा येते. मला दुसरं काम आहे. पाच वर्षांपूर्वी मी एक पत्रक छापलं होतं, ते मागे घ्यायचं राहिलंय. त्यात एक शब्द खोटा होता आणि त्या शब्दापायी तुझं नाव खराब झालं. दुसऱ्यांनी जाहीर माफी मागावी म्हणून आजवर मी कितीतरी पत्रकं लिहिली. स्वतःची माफी लिहायला बसले तर पहिली ओळ सुचायला ग्रीस खाणारा पाहुणा लागला.

तुला ठाऊक आहे, मी पत्रकांवर वाढले. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या दोन खोल्यांत पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा कारखान्यात युनियनचं काम करायचे आणि उरलेल्या पत्रकांची माझ्या वह्यांना कव्हरं लागायची. पाढ्यांबरोबर मला बोनसच्या मागण्याही पाठ झाल्या. चौथीत गाईवरच्या निबंधाचा शेवट मी "याची दखल न घेतल्यास होणाऱ्या परिणामांना आपण जबाबदार राहाल" असा केला होता. बाईंनी बाबांना बोलावून घेतलं. बाबा घरी आले ते छाती फुगवून. तुला हे कळलं तेव्हा तू एवढंच विचारलंस, "पन गाईनं काय मागितलं व्हतं?"

तुझं सगळं असं असायचं. मी तुला अहो-जाहो कधी केलं नाही, तसं तूही माझं कौतुक कधी तोंडावर केलं नाहीस. माझी पत्रकं मात्र तुला हवी असायची. उल्हासनगरच्या प्रेसमधून गठ्ठा आला की त्यातली शंभरेक तू बाजूला काढायचास. हात पुसायला. "कागद चांगला टिपतो" हे तुझं माझ्या लेखनाबद्दलचं मत. पण पुसायच्या आधी तू ते पत्रक वाचायचास, मधे शब्द सोडून नाही, अगदी खालच्या प्रेसच्या पत्त्यापर्यंत. मग एखादा प्रश्न यायचा. "हितं 'संपूर्ण परिवर्तन' लिवलंयस. संपूर्ण म्हंजी किती?" मी तासभर समजावून सांगायचे. तू ऐकून घ्यायचास, मान हलवायचास आणि मग संपूर्ण परिवर्तनाला हात पुसायचास.

हे ग्रीसचं प्रकरण काय, ते जे तुला ओळखत नव्हते त्यांच्यासाठी सांगायला हवं. बदलापूरजवळ खरवईला तुझं घर, थोडी भातशेती, एक जुना ट्रॅक्टर आणि त्याच्यामागची दोन चाकांची ट्रॉली. पावसाळाभर ट्रॉलीची चाकं चिखलपाण्यात असायची. चाकाच्या पोटात पाणी शिरलं की आतल्या ग्रीसचं ताक होतं, आणि ताकावर बेरिंग चालत नाही, जळतं. म्हणून दरवर्षी दसऱ्याच्या आधी, भातकापणी सुरू व्हायच्या आत, तू अंगणात दोन्ही चाकं उतरवायचास, बेरिंगं धुवून नवं ग्रीस भरायचास. या दिवसाला तू 'हळद' म्हणायचास. तुझ्या बोलीत 'हलद'.

"आज कोनाची हलद?" तू सकाळी उठून मोठ्याने विचारायचास.

"डाव्याची," मामी आतून म्हणायची. "नि उजव्याची उंद्या. माझी कधी व्हती ता आठवतंय का?"

"तुझी झाली ती ग्रीसनंच झाली," तू म्हणायचास. "बग, इतकी वर्सं काय आवाज नाय." मामीचा आवाज तेव्हा पार रस्त्यापर्यंत जायचा.

जॅक लावायचा, आसाखाली लाकडी घोडी सरकवायची, दुसऱ्या चाकाला दगड. चाकाच्या तोंडावरची पत्र्याची टोपी हलक्या हाताने ठोकून काढायची, पिन ओढायची, नट फिरवायचा, आणि आतलं बेरिंग असं दोन्ही हातांत झेलायचं जसं काही ते जन्मालाच आलंय. मग परातीत रॉकेल ओतून आंघोळ. बेरिंगचा एकेक रूळ उन्हाकडे धरून तू बघायचास, कुठे निळसर झाक आहे का. निळं म्हणजे भाजलेलं. त्यानंतर डाव्या तळहातावर लिंबाएवढं ग्रीस आणि उजव्या हाताने बेरिंगची कड त्यात दाबत राहायची, दाबत राहायची, दुसऱ्या बाजूने रुळांच्या फटीतून ग्रीसच्या बारीक शेवया बाहेर येईपर्यंत. "वरनं चोपरलं त ती पावडर झाली," तू म्हणायचास. "आत गेली पायजे हलद."

तुझ्या बोलीत ड चा बहुधा र व्हायचा, ण चा न आणि ळ चा ल. मी शाळेतली मराठी बोलायचे आणि लहानपणी तुला सुधारायचे. तू दाद दिली नाहीस ते बरं झालं. नाहीतर ज्या दोन शब्दांसाठी हा सगळा खटाटोप आहे ते माझ्या कानात इतके रुतले नसते.

थोरं सोर.

बेरिंग बसवून झालं की नट कसायचा. चाक फिरवत फिरवत, हाताला जोर लागेपर्यंत. आणि कसून झाला की पाव फेरा मागे घ्यायचा. थोडं सोडायचं. मग नटाची खाच आसाच्या भोकासमोर आणून पिन घालायची, तिचा एक पाय आसावर दुमडायचा, दुसरा छाटायचा. तुझ्या पिनेचा एक पाय वर, एक गायब, हे ठरलेलं. शेवटी परीक्षा. एका बोटाने चाक फिरवायचं आणि विडी काढायची. विडी पेटेपर्यंत चाक फिरत राहिलं तर पास. न राहिलं तर पुन्हा उघड. एकदा वाऱ्याने तुझ्या तीन काड्या विझल्या आणि तू चाक नापास केलंस. मी म्हटलं, यात चाकाचा काय दोष? तू म्हणालास, "मंग कोनाचा, वाऱ्याचा? त्याला कुठं उघरू?"

या पाव फेऱ्यावरून आपलं कायम वाजायचं. एवढं घट्ट करायचं आणि लगेच सैल सोडायचं, हे मला पटत नसे. पत्रकांत वाढलेल्या माणसाला सैल हा शब्दच शिवीसारखा लागतो.

"कसायचं नि सोडायचं, मग कसायचं कशाला?" मी विचारायचे.

"कसल्याबिगर कलत नाय गो, किती सोराचं ता."

"ही तडजोड झाली."

"तरजोर नाय. पाव फेरा."

आजूबाजूच्या गावांतून लोक ट्रॉल्या घेऊन तुझ्याकडे यायचे. बदल्यात कोणी वांगी आणायचं, कोणी सुकट, कोणी नुसताच तासभर गप्पा मारून जायचा. दसऱ्याच्या आधी तुझ्या अंगणात सहा-सात ट्रॉल्या एका टांगेवर उभ्या असायच्या, आणि तू त्यांच्यामधून लग्नघरातल्या यजमानासारखा फिरायचास. तुझ्या हातचं चाक जाम होत नाही, अशी तुझी ख्याती होती. तुझ्याकडे दुसरी कसली ख्याती नव्हती आणि तुला ती नकोही होती.

आता त्या वर्षाचं.

खरवईच्या कडेला नवीन इमारती उभ्या राहिल्या आणि नळाची लाइन गावाला वळसा घालून थेट त्यांच्याकडे गेली. गावच्या बायका तेव्हाही विहिरीवर. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, कॉलेजला होते, आणि माझ्या आयुष्यात लढा यायला फारच उशीर झाला असं माझं मत होतं. मी पत्रक लिहिलं: 'नळ द्या, नाहीतर चक्का जाम. आता ढिलाई नाही.' पाण्याची कचेरी अंबरनाथला होती. ठरलं असं की सोमवारी बायकांनी तुझ्या ट्रॉलीतून जायचं, शिवमंदिराजवळ सभा घ्यायची आणि तिथून चालत जाऊन निवेदन द्यायचं. चक्का जाम नंतर. तो नुसताच धमकीचा होता.

ट्रॉली द्यायला तू लगेच तयार झालास. अट एकच. "आदी हलद."

रविवारी उजवं चाक तू केलंस. डावं अर्ध्यात असताना गणपत आला, तुझा शेजारगावचा दोस्त, ज्याची ट्रॉली दरवर्षी तुझ्याकडेच यायची. त्याच्या विहिरीचा पंप अडला होता. तू हात पुसलेस आणि मला म्हणालास, "डावं तू लाव. कस, थोरं सोर, पिन मार. येवरं बगितलंस, आता कर." तू मला पहिल्यांदा एकटीला सोडत होतास. मला वाटलं ही माझ्यावर टाकलेली ऐतिहासिक जबाबदारी आहे.

मी नट कसला. पान्याला पाइप लावून कसला. पाइपावर उभी राहून कसला. आणि सोडला नाही. विसरले नव्हते, मामा. मी विचार केला. उद्या या चाकावर पंचवीस-तीस बायका बसणार, आणि पत्रकात मीच लिहिलंय की आता ढिलाई नाही. पिन घातली आणि तिचे दोन्ही पाय दोन बाजूंना छान वळवले, मिशांना पीळ द्यावा तसे. मला ते जास्त शोभिवंत वाटलं. बोटाने फिरवून बघितलं तर चाक फिरलं नाही. मजबूत आहे, म्हणून मी समाधानाने उठले.

संध्याकाळी तू येऊन विचारलंस, "बिरी पेटवून बगितली?"

"बघितली," मी म्हटलं. विडी मी आयुष्यात हातात धरली नव्हती.

सोमवारी निघालो. बदलापूर मागे पडलं तेव्हा बायकांची गाणी चालू होती. पुढे करपट वास यायला लागला. कोणीतरी म्हणालं, कुठेतरी तेल जळतंय. मामी म्हणाली, हॉटेलवाल्याची भजी गेली. मी ट्रॉलीत उभी राहून घोषणा देत होते आणि खालून चाक घोषणा देत होतं, पण माझा आवाज मोठा होता. शिवमंदिराकडे वळायच्या जरा आधी, रस्ता जिथे अरुंद होतो तिथे, डावं चाक फिरायचं थांबलं. घासत गेलं, ट्रॉली हिसका देऊन तिरकी झाली आणि रस्ताभर आडवी उभी राहिली. चाकातून धूर येत होता. इकडून ट्रक, तिकडून उल्हासनगरच्या फर्निचरचा टेम्पो, त्यामागे आणखी दहा गाड्या. सगळ्यांचे हॉर्न.

तो जो हवालदार आला, त्याने आधी पत्रक वाचलं. "इथे लिहिलंय आज निवेदन, मग चक्का जाम," तो मला म्हणाला. "तुम्ही उलटं केलंत. परवानगी कशाची आहे?"

तोवर बायका खाली उतरून सावलीला बसल्या होत्या. ट्रॉलीत उभं राहून त्यांचे पाय दुखले होते, एवढंच. पण बसल्या त्या रस्त्यावर. आणि कर्मधर्मसंयोग असा की पाण्याच्या कचेरीचे साहेब चौथ्या गाडीत होते. अर्धा तास त्यांनी आतच बसून काढला, मग उन्हाने बाहेर आले, आणि जीपच्या बॉनेटवर आमच्याच पत्रकाच्या पाठीमागे लिहून दिलं की गावाला नळ मिळेल. बायकांनी टाळ्या वाजवल्या. टेम्पोवाल्यानेही वाजवल्या, त्याला वाटलं आता रस्ता सुटेल.

तू यातलं काहीच बघत नव्हतास. तू चाकाशी उकिडवा बसला होतास. थंड व्हायची वाट बघितलीस, टोपी ठोकून काढलीस. पिन दिसली. दोन मिशा, दोन्ही बाजूंना. तू ती ओढून काढलीस, तळहातावर ठेवलीस आणि मान वर करून माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. जसं एखादं पत्रक वाचायचास तसं, पत्त्यापर्यंत.

हवालदार म्हणाला, "काय झालं हो?"

"नट जास्त कसला," तू म्हणालास. सगळ्यांना ऐकू जाईल असं. सभेसाठी आमच्याबरोबर आलेला गणपत तिथेच उभा होता. "मीच कसला. वय झालं आता."

पिन तू खिशात टाकलीस. मी साहेबांनी लिहून दिलेल्या कागदाची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी मी विजयाचं पत्रक लिहिलं आणि अंगणात तुला वाचून दाखवलं. 'खरवईकरांनी चक्का जाम केला. कचेरी झुकली.' तू बेरिंगचे निळे पडलेले रूळ परातीत मोजत होतास.

"'केला' नको लिवू," तू म्हणालास. "'झाला' लिव."

"मामा, 'झाला' लिहिलं तर तो अपघात होतो."

"अपघातच व्हता."

"लोकांना उमेद कशाने येणार? आंदोलनात क्रियापद महत्त्वाचं असतं."

"मंग लिव, नल भेटनार. ता खरं हाय. चाकाला कशाला मदी घेतस?"

मी ऐकलं नाही. मग तू म्हणालास, "बरं. 'केला' लिवायचाच हाय, त कोनी केला ता बी लिव."

मी 'खरवईकरांनी' या शब्दाखाली रेघ ओढली आणि प्रेसला गेले.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. नळ आला, आठ महिन्यांनी, एक. तुझं नाव मात्र आठ दिवसांत झालं. ज्याला कळलं नसतं त्यालाही माझ्या पत्रकाने कळवलं. गावोगावच्या टपऱ्यांवर ते चिकटवलेलं होतं, आणि लोक त्याच्यापुढे चहा पीत म्हणायचे, जाम केला म्हणे, अरे झाला, मामाचंच चाक, त्याने स्वतः सांगितलंय. तुला 'चक्काजाम मामा' म्हणायला लागले. उल्हासनगर कॅम्पातल्या तुझ्या नेहमीच्या स्पेअर पार्टवाल्या सिंधी शेठने तर दुकानातून बाहेर येऊन तुला मिठी मारली. "वाह मामा, क्या चक्का जाम किया. साईं, हमारे लिए भी कभी करो." मी सोबत होते. तू नवीन बेरिंगं घेतलीस, पिशवीत घातलीस आणि पैसे मोजून बाहेर पडलास.

गणपत त्या वर्षी ट्रॉली घेऊन गॅरेजला गेला. त्याचं बघून बाकीचे. पुढच्या दसऱ्याला अंगणात एकच ट्रॉली होती, तुझी. तू तेवढ्याच थाटात विचारलंस, "आज कोनाची हलद?" आतून फक्त मामीच्या भांड्यांचा आवाज आला.

त्या सकाळी तू मला पाना दिलास आणि म्हणालास, "डावं तुझं." तेव्हापासून दरवर्षी डावं माझं. मी कसायचे. तू शेजारी बसून विडी काढायचास आणि म्हणायचास, "थोरं सोर." मी सोडायचे. पाच वर्षांत त्या चाकाबद्दल आपण याहून जास्त काही बोललो नाही. पण ट्रॅक्टरच्या किल्लीला तू ती मिशांची पिन अडकवली होतीस. कोणी विचारलं की म्हणायचास, "भाचीचा दागिना." लोक हसायचे, मीही हसायचे. वाद कुठल्याही गोष्टीवर घालणारी मी, त्या पिनेवर कधीच काही बोलले नाही.

आणखी एक. विजयाच्या पत्रकांचा उरलेला गठ्ठा मी तुला आणून दिला होता, नेहमीसारखा. तू त्याला हात लावला नाहीस. विचारलं तर म्हणालास, "ह्यो कागद गुलगुलीत हाय, टिपत नाय." मी प्रेसवाल्याशी भांडून आले. तो बिचारा शपथ घेऊन सांगत होता की कागद तोच आहे.

परवा गणपत भेटायला आला. तुझ्या खाटेपाशी बसला, डोळे पुसले, खरंच पुसले. उठताना म्हणाला, "हात सोन्याचा व्हता. येकदाच चुकला बिचारा." मग चप्पल घालता घालता, "पन चुकला."

मी त्याला विचारलं, "चहात साखर कमी होती का?" माझ्या तोंडून एवढंच आलं. ज्या तोंडाने मी साहेबांच्या जीपपुढे घोषणा दिल्या त्या तोंडातून.

तो गेल्यावर मी मामीकडे गेले. ती तांदूळ निवडत होती. ट्रॅक्टरची किल्ली तिच्या कमरेला होती. मी म्हटलं, "मामी, त्या पिनेचं सांगायचंय."

"मना ठाव हाय," ती म्हणाली. सूप थांबलं नाही.

"कधीपासून?"

"त्याच दिसापासून. घरी येऊन त्यानं मना पिन दाखवली नि पोट धरून हसला. म्हनला, बग, भाचीनं चाकाला मिशा लावल्या." एक खडा तिने अंगणात फेकला. "दुसऱ्या दिसापासून नाय हसला. तू ता वाचून दाखवलंस, तवापासून."

मला वाटत होतं तू चाकाचं दुःख करत असशील.

"मग मला बोलला का नाही?" मी विचारलं.

"म्हनायचा, कसलंय तिनं. सोरल ती. आपन पाना घालायचा नाय." मामीने किल्ली सोडून माझ्यापुढे टाकली. "यंदा सन नाय आपल्याला. पन भात काय आपल्यासाठी थांबनार नाय. चाकं उघर."

आज सकाळी उघडली, मामा. उजवं आधी, मग डावं. च्यवनप्राशच्या डब्यात साडूच्या बोटाची खूण अजून तशीच होती, तिथूनच घेतलं. दाबत राहिले, शेवया आल्या. नट कसला. चाक फिरवत कसला, हात दुखेपर्यंत. मग पाव फेरा मागे घ्यायचा होता. कोणी सांगायला नव्हतं, त्यामुळे मी ते दोन शब्द स्वतःच म्हटले. शाळेतल्या मराठीत म्हणून बघितले, पाना हलेना. मग तुझ्यासारखे म्हटले आणि पाव फेरा सोडला. नवीन पिन घातली. एक पाय वर, एक छाटला.

परीक्षेला विडी ओढणारं कोणी नव्हतं. मामीने तुझ्या फळीवरचं बंडल काढलं, एक विडी ओठांत धरली आणि म्हणाली, "फिरव." मी एका बोटाने फिरवलं. तिची पहिली काडी विझली. दुसरी विझली. तिसरीला विडी पेटली, ती जोरात खोकली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि चाक फिरतच होतं.

ते थांबेपर्यंत ती बघत राहिली. मग म्हणाली, "पास. आता लिव."

तर लिहिते. चक्का जाम झाला नव्हता आणि खरवईकरांनीही केला नव्हता. मी केला. मामाचा हात त्या नटाला लागलाच नव्हता. मामा कधीच चुकला नाही, एकदाही नाही. हे शिवमंदिरापासून वांगणीपर्यंत ज्या ज्या टपरीवर ते पत्रक लागलं होतं तिथे लावणार आहे, आणि पहिली प्रत गणपतच्या हातात देणार आहे.

हात कोपरापर्यंत ग्रीसने भरले होते. पुसायला काही सापडेना, म्हणून माळ्यावरचा तो विजयाचा गठ्ठा काढला, पाच वर्षं जसाच्या तसा. वरचं एक पत्रक घेतलं, आधी सगळं वाचलं, खालच्या प्रेसच्या पत्त्यापर्यंत, आणि मग हात पुसले.

लख्ख निघाले. कागदात काही खोट नव्हती, मामा.